चौदाच्या आत

नवव्या ठिपक्याची कड बाकीच्यांपेक्षा जराशी फिकट होती. पाणीबाईंनी काचेची ताटली उजेडाकडे धरली, भिंगातून पुन्हा पाहिलं आणि तोही मोजणीत धरला. निळे ठिपके नऊ.

रजिस्टरात त्यांनी ओळ भरली. जागा: खडकाजवळ. नमुना: दहापट पातळ केलेला. ठिपके: नऊ. शेवटच्या रकान्यात आकडा: नव्वद.

घाण पाणी असंच तपासतात. शुद्ध पाणी घालून आधी पातळ करायचं, जंतूंचे ठिपके मोजायचे, मग दहाने गुणायचं. नाहीतर ताटलीत ठिपक्यांची इतकी दाटी होते की मोजताच येत नाही. खाडीतले शिंपले काढायला परवानगी हवी असेल, तर शेवटच्या रकान्यातला आकडा चौदाच्या आत यावा लागतो.

खोली दहा बाय आठची. तपमान ढळू नये म्हणून खिडकी कायमची बंद. काचेपलीकडे खाडी दिसायची, पण तिचा वारा आत येत नसे.

नावाडी बर्फाची पेटी घेऊन आत आला. दर आठवड्याला नमुन्याच्या बाटल्या तोच भरून आणायचा. खाडी बंद होण्याआधी तो बुड्या मारून शिंपले काढायचा.

"काय बाई, चौदाच्या आत?"

"नव्वद."

"हात तिच्या!" त्याने पेटी टेबलावर आदळली. "सांडपाण्याची नळी दुरुस्त होऊन साडेतीन वर्षं झाली. मग घाण येते कुठून? मासे काय तळाशी संडास बांधून बसलेत?"

"जंतू गाळाला धरून राहतात."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. आम्हाला कुठे दिसतात ते!" तो स्टुलावर बसला. "तीन वर्षांत एक रजा नाही तुमची. तापातसुद्धा आलात. साहेब तुमचा फोटो लावणार बघा भिंतीवर."

"हार घालून लावतील. बाटल्या काढा."

नावाडी हसला. मागे एकदा गावातली दहा-बारा माणसं या खोलीत आली होती. एकदाच कमी लिहा, पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणाली होती. पाणीबाईंनी उभ्या उभ्या त्यांना दार दाखवलं होतं. गावाचा त्यांच्यावर राग होता. शंका मात्र कोणालाच नव्हती.

"धाकटा आज निघाला ना?" बाटल्या मांडता मांडता नावाड्याने विचारलं.

"दुपारच्या गाडीने. जहाजावर सामानाच्या कोठीत काम मिळालंय. दोन वर्षांचा करार."

नावाड्याचा हात थांबला. त्याने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"कोठीत?"

"का?"

"काही नाही."

"काका, नीट सांगा."

"पाणबुड्याचं काम आहे, बाई. भर समुद्रात, तळाशी पाइप जोडायचे. ऐंशी मीटर खोल. तुम्हाला सांगू नका म्हणाला." त्याने नजर खाली घातली. "मी म्हटलं त्याला, थोरला गेला तेव्हा तुझ्या आईचं काय झालं ते मी पाहिलंय."

थोरला या खाडीतच गेला होता, पाच वर्षांपूर्वी. खडकाखाली शिंपले काढायला उतरला तो वर आलाच नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी सांडपाण्याची नळी फुटली आणि खाडीवर बंदी आली. तेव्हापासून धाकटा शीतगृहात खोकी भरत होता. बिनखिडकीचं शेड, सकाळी सात ते संध्याकाळी सात.

पाणीबाईंनी हातमोजे काढले. रजिस्टर मिटलं. भरदिवसा त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडल्याचं नावाड्याने पहिल्यांदाच पाहिलं.

घरी धाकटा पिशवीची चेन ओढत होता. चेन अडकली होती.

"आलीस? बरं झालं. मला वाटलं, तुझे जंतू तुला सोडायचे नाहीत."

"ऐंशी मीटर?"

त्याचा हात चेनवरच राहिला. "काकांच्या पोटात काही राहत नाही."

"नको जाऊस."

"मग काय करू? खोकी? आई, त्या शेडमध्ये जीव गुदमरतो माझा. पाण्यात कधी गुदमरला नव्हता." तो खाटेवर बसला. "दर आठवड्याला तू घरी आलीस की मी आधी तुझ्या तोंडाकडे बघायचो. चौदाच्या आत आलं असेल का, म्हणून. साडेचार वर्षं बघतोय. आता पुरे."

पाणीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"तुझा काही दोष नाही," तो म्हणाला. "पोरं मला म्हणायची, तुझ्या आईला सांग, एकदा कमी लिही म्हणावं. मी मारामारी केली त्यांच्याशी. म्हटलं, माझी आई मरेल पण खोटा आकडा लिहिणार नाही."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चेन एकदम सुटली. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि पाया पडायला वाकला. त्यांनी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले.

"सोड आई, गाडी जाईल."

"जाऊ दे. तुला पाण्यातच उतरायचंय ना? इथे उतर."

"बंद खाडीत?" तो हसला. "पहिली तक्रार तूच करशील."

"नाही करणार," पाणीबाई म्हणाल्या. "पाणी पातळ न करताच मी ठिपके दहाने गुणते. खाडी तीन वर्षांपासून स्वच्छ आहे."