पालथं भांडं

सणाला घरी मेरँगच्या, म्हणजे अंड्याच्या फेसाच्या बिस्किटांचा घाट असायचा, अंड्याचा पांढरा बलक हातानं फेटून. "मशीनच्या फेसाला चव नसते, सूनबाई," म्हणत सासूबाई अंडी तेवढी स्वतः फोडून द्यायच्या आणि सोफ्यावर ऐसपैस बसायच्या. फेटून फेटून सुनेचा खांदा भरून आला की सगळ्या गोतावळ्यासमोर ते भांडं तिच्याच डोक्यावर पालथं धरायच्या. फेस घट्ट झाला असेल तर पडत नाही म्हणे. दरवर्षी तो तिच्या केसांतून ओघळायचा, आणि हसता हसता तिच्या माहेराचा उद्धार व्हायचा.

यंदा झटका आल्यापासून सासूबाईंच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता. "आई, डॉक्टर म्हणालेत ना, हाताला व्यायाम हवा," म्हणत सुनेनं भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि फेटणी बोटांत अडकवली. "फेटा सावकाश. पालथं धरायला मी आहेच."

नणंदेचे डोळे भरून आले. "वहिनी किती करते गं आईचं," ती मावशीला म्हणाली.

आज अंडी सुनेनं फोडली होती, आणि ज्या एका थेंबानं फेस जन्मात घट्ट होत नाही, तो पिवळ्या बलकाचा थेंब तिनं त्यात आठवणीनं टाकला होता, सासूबाई दरवर्षी गुपचूप टाकायच्या तसाच.