दोरावरची माणसं

दोन दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं रापणीचं जाळं पाण्यात होतं आणि उत्तरेचा दोर वाळूवर तसाच पडला होता. तो ओढणारी परशुरामाची माणसं सुरूंच्या सावलीत बसून होती. काल मासे वाटताना गणपतशी त्यांची बाचाबाची झाली होती. गणपतची माणसं दक्षिणेचा दोर धरून ताटकळली होती. दोन्ही दोर बरोबरीने आले नाहीत तर जाळं तिरकं होतं, मासा निसटतो.

रापणीचा म्होरक्या गुणाजी तांडेल सावलीत जाऊन परशुरामाशेजारी टेकला.

"आयेचो खोकलो कसो आसा रे?"

"तसोच."

"अडुळशाचो काढो दी."

मग धोंडूकडे वळून त्याने म्हशीची चौकशी केली. व्याली का, दूध किती देते. जाळ्याचा शब्दही न काढता तो उठला आणि गणपतकडे गेला.

पेजेचं मडकं घेऊन आलेली गुणाजीची बायको, सुभद्रा, मागे उभी राहून ऐकत होती. धोंडूची म्हैससुद्धा याच्या ध्यानात होती. घरी पानावर बसला की 'हूं' आणि 'नको', एवढंच. वडिलांचे दिवस करून ती माहेराहून परतली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "जाळ्याचां सूत आणलंस?" सगळं बोलणं तो इथे, या माणसांत संपवून यायचा.

फुटू दे ही रापण, पांगू देत ही माणसं, तिच्या मनात आलं.

परशुराम हळूच म्हणाला, "वैनी, देवगडसून तांडेलाक इंजिनाच्या होडयेर बोलावणां इल्ला म्हणतत. खरां?"

बोलावणं आलं होतं हे खरं होतं. गुणाजीने नाही म्हटलं होतं, हेही खरं होतं.

"व्हय. इल्ला," सुभद्रा म्हणाली. नकाराचं तिने सांगितलं नाही.

परशुराम तडक उठून गुणाजीपुढे जाऊन उभा राहिला.

"आमका दोराक बांधून ठेवतंस आणि तू इंजिनार चललंस? वैनीन सांगल्यान."

दोन्हीकडची माणसं बघू लागली.

"बोलावणां इल्ला," गुणाजी म्हणाला. "मी नाय म्हटलंय. परशुरामाक न्या, तो माझ्यापरास बरो, असां सांगलंय. तेंचो माणूस आयतवाराक येतलो. तुका जावचां तर जा. माझो राग नाय."

परशुराम वळून उत्तरेच्या दोराकडे चालू लागला. त्याची माणसं त्याच्यामागे गेली. एक हात कमी पडत होता. त्यांच्यातला बाळा सकाळीच रागाने घरी परतला होता.

नवरा आता आपल्याला बोलेल म्हणून सुभद्रा थांबली. निदान रागाने बघेल तरी. तो तिच्या अगदी जवळून गेला, नजर पाण्यातल्या जाळ्यावर.

तिने मडकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि धोंडूच्या मागे जाऊन दोर धरला. बायका दोराला लागत नसत. धोंडूने जरा पुढे सरकून जागा केली. ओला दोर हातांतून सरकू लागला, टाचा वाळूत रुतू लागल्या. समोर गणपतची माणसं ओढत होती, इकडे ही.

जाळं जवळ येऊ लागलं तसा गुणाजी रांगेच्या कडेने खाली आला.

"परशुरामा, दमान."

"धोंडू, खांदो दुखता काय?"

आणि त्याच आवाजात, पाऊल न थांबवता, "हात सोलवटले काय गो?"

तिने तळव्यांकडे पाहिलं. कातडी निघाली होती.

"नाय, तांडेल," ती बाकीच्यांसारखं म्हणाली.

तोवर तो तिच्या मागच्या माणसाशी बोलत होता.