वळणावर अडणारी गाडी

“अजून अडते,” म्हणत अनंताने चावी लडकूच्या हातात कोंबली. “तू दुरुस्त काय केलंस रे?”

लडकू मिस्त्रीने हात पुसले. ही जुनी ऑटोमॅटिक गाडी अपघातानंतर शहापुरात त्याच्या गॅरेजमध्येच मुक्कामाला होती. रेडिएटर बदलून झाला, बॉनेट सरळ झालं, गिअरचं तेलही नवं घातलं. तरी अनंताची तक्रार तीच. किन्हवलीच्या रस्त्यावर वळण घेऊन चढाला लागताना गाडी क्षणभर मरते, मग एकदम उसळी मारते.

“मी चालवली तवा लोण्यासारखी गेली, काका.”

“मिस्त्रीला बघून सगळ्याच गाड्या शहाण्या होतात.”

बाहेर दोघीजणी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. एक अनंताची मुलगी रविना, दुसरी कमळूची बायको भिमी. याच गाडीने त्याच वळणावर सायकलवरच्या कमळूला उडवलं होतं. त्याचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता. तिन्हीसांजेला डोळ्यांवर दिवे आले, एवढंच त्याला आठवत होतं. अनंताचं घर वळणाला लागूनच. लोक जमले तेव्हा रविना गाडीच्या दाराशी उभी होती. “मी चालवत होते,” एवढंच ती बोलली. त्यानंतर त्या दिवसाबद्दल तिने तोंड उघडलं नव्हतं.

वाशिंदच्या एका कारखान्यात तिला नोकरी ठरली होती. कामगार बायकांना गाडीने आणायचं, घरी सोडायचं. पण पोलिसांतली तक्रार मिटल्याशिवाय कारखाना तिला घेणार नव्हता. कमळूने गावच्या जाणत्यांसमोर शब्द दिला होता. दोष गाडीचा निघाला तर तक्रार मागे घेईन, पोरीचा निघाला तर नाही. आणि तपासायला माझी बायको गाडीत बसेल.

म्हणून अनंताला चैन नव्हतं. तो मुरबाडला एका शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला बसमामा म्हणत. इतक्या वर्षांत त्याच्या बसमध्ये एका मुलाचा गुडघाही फुटला नव्हता. क्लच दाबून दाबून त्याचा स्वतःचा डावा गुडघा मात्र गेला होता, म्हणून घरासाठी ही बिनक्लचची गाडी.

लडकूने स्टेअरिंगखाली एक छोटं यंत्र खोचलं आणि मोबाईल भिमीपुढे धरला.

“वैनी, ही वरची रेघ म्हंजे चालवणाऱ्याचा पाय. खालची म्हंजे इंजिन. पाय दाबलेला असून खालची पडली, तर गाडी दोषी. कळलं?”

“शाळा नाय शिकले, पण वरखाली कळतं मला. दे इकडं.”

मोबाईल तिच्याच हातात राहिला. आधी लडकूने गाडी चालवली. वळण आलं, गेलं. गाडी चढ चढून वर आली.

“दोन्ही रेघा वर,” भिमी मागून म्हणाली.

“एसी लाव,” अनंता म्हणाला. “इंजिन तापू दे. मग बघ.”

एसी लावून पुन्हा फेरी झाली. काहीच नाही.

“सेन्सर बदलला, थ्रॉटल साफ केला. आता काय उघडू? तुमचं डोकं?” लडकू वैतागला.

“हिला चालवू दे,” भिमी म्हणाली. “त्या दिवशी हीच होती ना?”

“तिला कशाला?” अनंता पटकन म्हणाला. पण रविना उतरून पुढे गेली होती.

तिने गाडी खालून वळवून आणली. वळणावर ती ना बिचकली, ना तिने बाजूला पाहिलं. गाडी एका दमात चढ चढली.

“बघा, कशी गेली!” भिमीचा आवाज चढला. “माझा माणूस पाडला तिथनं अशी गेली, जशी सोताच्या अंगणातनं. काय काळीज हाय का दगड गो?”

रविनाचे कान लाल झाले.

“गाडी चांगली हाय, काका,” लडकू नाइलाजाने म्हणाला. “कमळूदादाला तसंच सांगावं लागंल.”

रविनाने इंजिन बंद केलं. “ऱ्हाऊ द्या, बाबा. नोकरी नाय तर नाय.”

“नाय कशी? उतर तू. मागं बस.” अनंताने दार उघडलं. “माझ्या हातात अडते म्हंजे अडते. दाखवतोच.”

गाडी पुन्हा खाली गेली, वळली आणि निघाली. वळणाच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज एकाएकी बसला. सगळ्यांच्या माना पुढे गेल्या. क्षणभर गाडी नुसती सरकत राहिली, मग हिसका देऊन चढावर उसळली.

“बघितलंत?” अनंताने गाडी कडेला घेतली. त्याच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं. “सांगत नव्हतो मी? पाय दाबलेलाच होता माझा. पोरीचा काय दोष?”

लडकूने मोबाईलसाठी हात मागे केला. भिमीने तो दिला नाही. ती पडद्यावरची नजर काढत नव्हती.

“खालची रेघ पडली,” ती म्हणाली.

“तेच तर, वैनी!”

“वरची आधी पडली.”

तिने मोबाईल अनंतापुढे धरला.

“तुमी पाय उचललात, अनंताभाऊ. बरोबर तिथं, जिथं तो पडला हुता.”

“नाय, वैनी. शप्पथ. मी पाय काढलाच नाय.”

तो खोटं बोलत नव्हता; पाय उचलल्याचं त्याला कळलंच नव्हतं. लडकूला त्याचा उजवा पाय दिसत होता. गाडी थांबली तरी तो पाय ब्रेकवर थरथरत होता.

भिमी शेजारी बसलेल्या रविनाकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“पोरी, त्या सांजेला तू गाडीत तरी होतीस का गो?”