आईच्या गाण्यामागचा आवाज

“बाबांनी मला कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही, ताई. मी किती दिवस उचलायचं?” घरच्या जुन्या कॅसेट-सेटचे स्क्रू काढता काढता तो म्हणाला.

ताई वडिलांचे कपडे बॅगेत भरत होती. वर्षातून दोनदा माहेरी येणारीने यावर बोलू नये, एवढं तिला कळत होतं. उद्या दहा वाजता वृद्धाश्रमाची गाडी येणार होती. अडीच वर्षं तो वडिलांना दिवसातून चारदा पलंगावरून उचलत होता. वडिलांची वाचा गेली होती आणि त्याची कंबर. त्याला आता फक्त झोप हवी होती, आणि तसं म्हणायची लाजही उरली नव्हती.

सेट वडिलांसोबत द्यायचा, एवढा एकच हट्ट ताईने धरला होता. आईच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट त्यावर वाजायची. ती सापडली आई गेल्यावर. तेव्हापासून आईचा आवाज त्याने असाच ऐकला होता, पातळ, डब्यातून आल्यासारखा. तीस वर्षं तो लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत होता. घरचा सेट मात्र ‘करू कधीतरी’ म्हणत राहून गेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दोष लगेच सापडला. आवाज पुढे पाठवणारा कपॅसिटर वाळला होता. असा कपॅसिटर बारीक सूर तेवढे सोडतो, खर्जातलं सगळं अडवून धरतो. त्याने नवा बसवून कॅसेट लावली. आईचा आवाज एकदम भरून आला. ताईचे हात थांबले.

पण मागे घूंऽऽ असा जाड आवाज येऊ लागला होता.

“झालं. एक सांधावं तर दुसरं फाटतं,” तो वैतागला. वीजपुरवठ्याचा कपॅसिटर गेला की अशी घूं येते. त्याने तोही बदलला. घूं तशीच. वायरी तपासल्या, तरी तशीच. शेवटी कंटाळून त्याने कॅसेट थांबवली. घूंही थांबली.

तो सेटकडे बघत राहिला. विजेची घूं कॅसेट थांबवून थांबत नाही. म्हणजे ही कॅसेटमध्येच होती. त्याने पुन्हा लावली आणि स्पीकरला कान टेकवला. घूं आईच्या सुराबरोबर चढत होती, उतरत होती. मध्येच ती घूंच खोकली.

“कोण आहे हे?”

“बाबा. तेही आलेत होय यात?” ताई हळूच म्हणाली. “तू तान्हा होतास. त्यांच्या खांद्याशिवाय झोपायचा नाहीस. दोन-दोन पाळ्या करून यायचे ते. तुला घेऊन फेऱ्या मारता मारता त्यांचाच डोळा लागायचा. तू हातातून पडू नयेस म्हणून त्यांना जागं ठेवायला आई गात बसायची. आणि आपण जागे आहोत हे तिला कळावं, म्हणून ते असे गुणगुणत राहायचे.”