परत केलेली मेमरी

"सर, फक्त दोन आठवडे द्या," स्पीकरवरून रेवतीचा आवाज आला. मीटिंगमधल्या सहाही जणांनी माना वर करून सोहोनींकडे बघितलं.

फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप ज्या सी लायब्ररीवर, म्हणजे पायाभूत तयार कोडवर, उभं असतं, तिचा कारभार सोहोनींकडे होता. कालच्या अपडेटपासून त्यांनी नियम कडक केला होता. वापरून फोनला परत केलेल्या मेमरीला जे अ‍ॅप पुन्हा हात लावेल, ते जागच्या जागी बंद पडेल. जुन्या अ‍ॅप्सची सूटही त्यांनी काढून टाकली होती.

"बाबांची वाचा गेलीय, सर. स्क्रीनवरच्या चित्रावर बोट ठेवलं की माझं अ‍ॅप त्यांच्यासाठी बोलतं. कालपासून ते उघडतच नाही. कुठं दुखतंय तेसुद्धा त्यांना सांगता येत नाही. मी सगळं दुरुस्त करते, पण तोवर सूट द्या."

सोहोनींनी तिचा कोड उघडला. चूक चटकन सापडली, कारण ती त्यांचीच होती. दहा वर्षांपूर्वी शिकाऊ रेवतीला त्यांनीच फळ्यावर ही युक्ती लिहून दाखवली होती. 'परत केलेली मेमरी लगेच कोणी नेत नाही, बिनधास्त वापर.' रेवतीने ती शंभर ठिकाणी वापरली होती.

सहा जण बघत होते.

"असला गाढवपणा तुला शिकवला कोणी?"

 रेवतीला सूट हवी होती.

"आठवत नाही, सर."

"आठवलं की कळव," सोहोनी म्हणाले, आणि त्यांनी पुढची तक्रार उघडली.