पुढच्या खोलीतला पलंग

चौथी उशीही घसरली आणि गादी नि भिंतीच्या फटीत जाऊन पडली. प्रिन्सीने कमरेवर हात ठेवले.

"मेल्यांनो, जरा वेळ उभं राहायला काय होतं तुम्हाला!" ती उशांवरच डाफरली.

दोष उशांचा नव्हता. त्या पलंगाला डोक्याकडची फळीच नव्हती. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा सासूने, रोझलीनबाईंनी, सुताराला बोलावून ती काढून टाकली होती. फळी मध्ये आली की नवऱ्याचं डोकं मागून धरून पाणी पाजता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सासरे गेले. फळी काही परत लागली नाही. निर्मळ गावातल्या त्या घरात, पुढच्या खोलीत, पलंग आपला भुंडाच राहिला.

आणि आता त्याच पलंगाचे फोटो काढायचे होते. मुंबईची माणसं शनिवार-रविवार राहायला गावाकडचं घर शोधत असतात. त्यांना एक खोली भाड्याने द्यायची, असं प्रिन्सीने कधीपासून मनात घेतलं होतं. खोली म्हणाल तर हीच. खिडकीतून केळीची बाग दिसते, दिवसभर वारा खेळतो. मागच्या खोलीत काय, नारळांची रास आणि एक उंच झरोका. तिथे कोण पैसे मोजून झोपणार?

पण पुढची खोली पडली सासूची. प्रिन्सीने त्यावरही तोड काढली. शनिवारी सासूला म्हणाली, "आई, भिंतींना रंग लावायचाय, चार दिवस मागे झोपा." आणि नवऱ्याला, गॉडफ्रेला, सांगितलं, "आईंना विचारलंय मी सगळं." म्हातारी त्याच संध्याकाळी आपली उशी काखोटीला मारून मागे गेली. रंगाचा डबा काही घरात आला नाही. सासूने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने एकदा जरी विचारलं असतं ना, तरी प्रिन्सीला बरं वाटलं असतं. चोराच्या मनात चांदणं. शनिवारपासून ती सासूला जेवण वाढायची तेही खाली मान घालून.

असो. उशा तर उभ्या करायला हव्या होत्या, फोटो काढणारा जॅक्सन येतच असेल. तिने भिंतीत दोन खिळे ठोकले आणि त्यांवर पांढरी चादर ताणून बसवली. फट बुजवायला जुना कापसाचा लोड आडवा कोंबला. लोडाला टेकवून दोन मोठ्या चौकोनी उशा, त्यांच्यापुढे रोजच्या दोन, आणि सगळ्यात पुढे लग्नात आलेली भरतकामाची छोटी उशी. या खेपेला एकही हलली नाही. भुंड्या पलंगाला चक्क डोकं आलं! प्रिन्सी खूश होऊन मागे वळली, तर दारात सासू.

गुडघे पार गेलेले, भिंत धरत धरत आली होती.

"अगो बाय!" रोझलीनबाई उंबऱ्यातच थांबल्या. "केवढं सजवलंस गो! उद्या पयला शुक्रवार. फादर येनार म्हनून केलंस हे?"

ज्या म्हाताऱ्यांना चर्चपर्यंत जाववत नाही, त्यांच्यासाठी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेऊन येतात. प्रिन्सीच्या हे ध्यानातच राहिलं नव्हतं. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं. सासू उत्तराची घाई न करता तिच्याकडे बघत उभी होती.

"हो आई," प्रिन्सी म्हणाली. "फादरसाठीच."

"बरं."

रोझलीनबाई पुढे आल्या. एक उशी किंचित सरळ केली, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, प्रिन्सीच्या गालावरून हात फिरवला आणि भिंत धरत मागे निघून गेल्या.

तो हात प्रिन्सीला चटका देऊन गेला. आजवर दोनदा खोटं बोलली होती, ते निदान माणसांशी. हे तिसरं तर देवाला मध्ये घालून! तिला स्वतःची शिसारी आली. सजवलेल्या पलंगाकडे बघवेना.

बाहेर जॅक्सनची बाइक थांबली. तो दारातूनच ओरडला, "वा वहिनी! हॉटेलवाले झक मारतील!"

"फोटो काढू नकोस, जॅक्सन."

"का? उद्या येऊ?"

"उद्याही नको. खोली द्यायचीच नाहीये. जा तू."

तो डोकं खाजवत गेला. प्रिन्सीने मनाशी ठरवलं. आता तोंडून गेलेलं निदान खरं तरी करायचं. सासूला आजच या खोलीत परत आणायचं, उद्या याच उशांना टेकवून बसवायचं, आणि गॉडफ्रे कामावरून आला की त्याच्यापुढे सगळं ओकून टाकायचं. बोलेल, चिडेल, चिडू दे. शनिवारपासून पहिल्यांदा तिला जरा हलकं वाटलं. त्याच भरात तिने चर्चमध्ये फोन लावला.

"फादर मार्सेल, उद्या आईंना कम्युनियन द्यायला कधी याल? पुढची खोली तयार करून ठेवलीय मी."

"पुढची?" फादर गोंधळले. "अगं, रोझलीनबाईंचा रविवारीच फोन आला होता. म्हणाल्या, यापुढे मागच्या दारानं या, पुढची खोली मी माझ्या मनानं सुनेला दिलीय, गावात कुणी पोरीला नावं ठेवली तर तुम्हीच त्यांना तसं सांगा."