तिसरी गोळी

"घरात माणसं किती?" उंबऱ्याशी उभ्या उभ्याच उत्कर्षानं विचारलं.

महादेवी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "तीन."

समोरच्या दारात बजाबाईही विड्यांचीच पानं कातरत होती. तिच्या कात्रीचा आवाज थांबला.

उत्कर्षा या भागात नवीन होती. आशाताईची पिशवी खांद्याला लागून तिला महिनाही झाला नव्हता. तिनं आत डोकावून खुंटीवरचा पुरुषाचा शर्ट बघितला. शर्ट धुतलेला, घडी मोडलेला. तिनं पिशवीतून जंताच्या तीन गोळ्या काढल्या.

"मिस्टर कुठंयत?"

"गाडीवर गेलेत."

"लई लांबची गाडी हाय," बजाबाई तिकडून म्हणाली. "दिवाळीत सुटलीय, अजून स्टँडला लागली न्हाय."

"तुमी तुमची पानं बगा की, मावशी."

बजाबाईनं पानं बघितली. उत्कर्षाला तो टोमणा कळला नाही, किंवा कळूनही तिनं तसं दाखवलं नाही.

आईच्या पाठीला टेकून पिंकी उभी होती. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं. खाल्लेलं पोरीच्या अंगाला लागत नव्हतं, आणि का लागत नव्हतं ते आज सकाळी कळलं होतं. गटारीवर बसल्या बसल्या तिनं मोठ्या कौतुकानं हाक मारली होती, "आई, गांडूळ बग!" महादेवीनं बघितलं. मग विड्या अर्ध्यात टाकून, चपला न घालताच ती दवाखान्यात निरोप द्यायला गेली होती.

"गोळी चावून खायची, माझ्यासमोर," उत्कर्षा म्हणाली. "हात साबणानं धुवायचे. आणि पाणी उकळूनच प्यायचं हं."

"उकळते की. कवा येतंय तेवढं सांगा."

उत्कर्षा हसली. पाणी तिच्याही गल्लीत चौथ्या-पाचव्या दिवशीच येत होतं.

महादेवीनं स्वतःची गोळी चावली. पिंकीनं तिची तोंडात टाकली.

"कशी आहे? गोड?"

पिंकीनं मान हलवली.

"शहाणी! आणि ही मिस्टरांना द्या, विसरू नका. घरातल्या एकानं जरी खाल्ली नाही ना, तर परत येतात." एवढं बोलून उत्कर्षा पुढच्या दाराकडं गेली.

पिंकी जाऊन खुंटीखाली बसली.

"दोरा दे गं तेवढा," जरा वेळानं महादेवी म्हणाली.

पिंकीनं दोरा दिला. पण "कुटला?" असं विचारलं नाही, गुंता केला नाही, काही बडबडलीही नाही.

"आगं, बोलायला काय झालं? जंतानं जीभ बी खाल्ली व्हय?"

पिंकीनं ओठ आणखी घट्ट मिटले. कोपऱ्यातून पांढरी लाळ हनुवटीवर आली होती.

महादेवीनं सूप बाजूला सारलं. "आ कर."

पिंकीनं मान नाही म्हणून हलवली. महादेवीनं गाल दाबले. गोळी बाहेर तळहातावर पडली. कडा विरघळलेल्या, मधला भाग तसाच, संपत आलेल्या साबणाच्या तुकड्यासारखी.

"काय म्हनावं तुला! हितं मी काम टाकून दवाखान्यात पळते, आनि तू..." तिचा हात उगारला गेला.

"ताई म्हनली की," पिंकी रडवेली होऊन म्हणाली.

"काय म्हनली?"

"एकानं न्हाय खाल्ली तर परत येतात म्हनली."

"आगं येडे, ते..."

पिंकी शर्टाकडं बघत होती.

महादेवीचा उगारलेला हात वरच राहिला. मग त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं पोरीची हनुवटी पुसली. समोरची कात्री पुन्हा थांबली होती.

जंत येतात, पप्पा नव्हं. एवढंच सांगायचं होतं. ते महादेवीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं.

"बरं," ती म्हणाली. "एकाची खायची ऱ्हायली पायजे, असंच की न्हाय?"

"व्हय."

"मग पप्पाची ऱ्हाऊ दे. तू तुजी खा."

पिंकीनं जरा विचार केला. हिशोब तिला पटला. आईच्या तळहातावरची गोळी तिनं तोंडात टाकली, चावली, गिळली, आणि आ करून जीभ मुळापासून दाखवली. "बग. संपली."

महादेवीनं सुपातलं एक चांगलं, न फाटलेलं पान निवडलं. तंबाखू भरतात तिथं तिसरी गोळी ठेवली. त्याची विडी काही वळेना, तेव्हा पुडी करून दोऱ्यानं बांधली. उठून ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"आई."

"काय?"

"पप्पासंगं जंत बी आले तर?"

महादेवी परत येऊन सुपापाशी बसली. पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला, नखानं तोंड मिटवलं.

"येऊ देत," ती म्हणाली.